मागची भिंत

१

मशीन बंद पडलं की आधी त्याला एक शिवी हासडायची, मग मागच्या केबली हलवून बघायच्या आणि त्यानंतर डोकं वापरायचं, असा आमच्या धंद्यातला क्रम आहे. माझा धंदा न बांधलेली घरं दाखवण्याचा. बिल्डरकडून नकाशे येतात. त्यांवरून मी कॉम्प्युटरमध्ये घर उभं करतो, खिडकीतून ऊन आत सोडतो, सोफ्यावरची उशी मुद्दाम जराशी वाकडी ठेवतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या घरभर फिरून येतं आणि खूश होतं.

त्या दिवसांत मात्र मी एकच घर चालवत होतो, आमचं स्वतःचं. गिऱ्हाईकही एकच होतं, माझी दुसरीतली मुलगी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण आजारी पडेपर्यंत ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

भिंगरीचं रक्त बिघडलं होतं. डॉक्टरांनी तिच्या हाडांतला सगळा जुना मगज मारून टाकला आणि तिच्या आईचा घातला. तो रुजेपर्यंत तिला हॉस्पिटलच्या एका बंद खोलीत ठेवलं होतं. सोबत फक्त आई. मी काचेबाहेरून हात हलवायचो, पण मला सर्दी झाली आणि सिस्टरने तेही बंद केलं. त्याच सुमारास भिंगरीने खाणं सोडलं. औषध दिलं की थुंकून टाकायची आणि पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहायची. डॉक्टर माझ्या बायकोला स्पष्टच म्हणाले, औषध पोटात राहिलं नाही तर पोरगी हाती लागणार नाही.

मग मी तिला घर करून दिलं. चपलांचा स्टँड, ओट्यावरचा मिक्सर, तिची खोली, तिचा पलंग, सगळं. घर चालायचं माझ्या डेस्कटॉपवर आणि दिसायचं तिच्या हातातल्या टॅबवर. ती बोट फिरवत खोल्याखोल्यांतून हिंडायची आणि तेवढ्यात तिची आई चमचा पुढे करायची. भिंगरी नकळत गिळून टाकायची. घर चालू तर तोंड चालू, असं आमचं गाडं ढकललं जात होतं. ती बघायची तेच मला इथे मॉनिटरवर दिसायचं. ते बघत मी समोरच ताट घेऊन बसायचो, म्हणजे जेवताना दोघं एकत्र असल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी, ऐन औषधाच्या वेळेला, पडदा काळा झाला.

२

दोन क्षणांनी पडदा परत आला आणि कोपऱ्यात एक चौकट उमटली. ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, तो आता पूर्ववत झाला आहे. पूर्ववत कसला, डोंबल. घर पहिल्यापासून लोड व्हायला लागलं होतं. फोनवर बायको सांगत होती की भिंगरीने औषध अर्धं थुंकलं आणि आता तोंडच उघडत नाही.

कार्ड चित्र काढतं आणि काय काढायचं ते ड्रायव्हर त्याला सांगतो. दोघांचं बिनसलं की पडदा काळा होतो. हे रोजचंच दुखणं, त्यामुळे मी घाबरलो नाही. नवा ड्रायव्हर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा काळं. मग मी मेहुण्याला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि तोंड अखंड चालू असतं.

"भाऊजी, तुमची सर्दी मशीनला लागली," असं म्हणत त्याने मशीनचा डबा उघडला. जुना ड्रायव्हर मुळापासून उपटला, त्याच्याही आधीचा टाकला. कार्ड बाहेर काढून धूळ उडवली, त्याचे पितळी दात खोडरबराने घासले. पॉवरची केबल बदलली. डब्याचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला. प्रत्येक उपायानंतर मशीन थोडा वेळ शहाण्यासारखं वागायचं, आम्ही चहा टाकायचो, आणि पडदा काळा व्हायचा. शेवटी त्याने स्वतःच्या मशीनमधलं कार्ड आणून बसवलं. काळं ते काळंच.

मेहुण्याचं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी पाहिलं. तो म्हणाला, मशीनमध्ये काही बिघाड नाही, बिघाड असेल तर घरात आहे. त्याला म्हणायचं होतं, घराच्या फाइलमध्ये. मलाही तेच कळलं.

३

तोपर्यंत एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खटकत होती, पण मी ती स्वतःशीही बोललो नव्हतो.

घर लोड झालं की आपण दाराशी उभे असतो. मीच तसं ठरवून दिलेलं आहे. पण त्या काळ्या पडद्यानंतर घर परत यायचं ते दाराशी नाही. ते भिंगरीच्या खोलीत यायचं, पलंगाच्या पायथ्याशी, आणि मग चित्र हळूहळू मागे वळू लागायचं. मला वाटायचं, तीच बोट फिरवतेय. वळणं अर्ध्यावर आलं की पुन्हा काळं.

एकदा मी बायकोला सांगितलं की भिंगरीला म्हणावं, खोलीत जाऊ नकोस, तिथेच मशीन अडतंय. बायको म्हणाली, ती मघाशीच झोपली, टॅब टेबलावर चार्जिंगला आहे. माझ्या समोर चित्र वळत होतं.

यालाही उत्तर आहे. चार्जर हलका असला की टॅबला आपोआप स्पर्श झाल्यासारखं होतं, बोटाशिवाय चित्रं सरकतात. मी बायकोला चार्जर बदलायला लावला आणि स्वतःवर खूश झालो. तेव्हा तिने दबकत आणखी एक सांगितलं. भिंगरी म्हणते, घरात तिच्याबरोबर एक जण खेळते. तिच्याएवढीच आहे. ती आली की भिंगरी आनंदाने औषध घेते.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, कोंडलेली मुलं अशा मैत्रिणी तयार करतात, चांगलं लक्षण आहे, तुम्ही घर बंद पडू देऊ नका. रक्ताचे आकडे हळूहळू चढू लागले होते. मी घर बंद पडू देणार नव्हतो. माझा दुसरा काही उपयोगच नव्हता तिला.

४

कुठली वस्तू कार्डाला झेपत नाही हे शोधायची आमची एक पद्धत आहे. अर्धं घर लपवायचं आणि चालवून बघायचं. बंद पडलं तर उरलेल्यातलं अर्धं लपवायचं. असं करत करत गुन्हेगार सापडतोच. मी आणि मेहुणा सकाळपासून तेच करत बसलो. बैठक लपवली, स्वयंपाकघर लपवलं, पलंग, कपाट, पडदे, पुस्तकं लपवली. उरली फक्त भिंगरीची रिकामी खोली, फरशी आणि भिंती. एवढं तर फोनलाही झेपतं.

मी चित्र मागे वळवलं. कार्डाचे पंखे एकदम गरगरू लागले. बाजूच्या आलेखावर कार्डाची मेमरी भराभर भरत वर चढली आणि छताला टेकली. मग काळं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "तिथे काहीच नाही. मग हे एवढं मरमर मरून काढतंय काय?"

 पडदा परत आल्यावर मी त्या खोलीचा नकाशा उघडला आणि कपाळावर हात मारला. खोलीला तीनच भिंती होत्या. ही आमच्या धंद्यातली सवय. खोली छोटी असली की मागची भिंत काढून टाकायची, म्हणजे लांब जाऊन अख्खी खोली टिपता येते. फोटोत मागचं कुणाला दिसत नाही. पण हे फोटोसाठी नव्हतं, यात माझी लेक फिरत होती, आणि हाताच्या सवयीने मी तिच्याही खोलीची भिंत काढून टाकली होती. पलंगाच्या पायथ्यापलीकडे खोली सताड उघडी होती. पलीकडे काही नाही. मी काही केलेलंच नव्हतं तिथे.

मेहुण्याला दुकानातून फोन आला आणि तो निघाला. जाताना दारात घुटमळला. म्हणाला, भिंत लावून टाका, पण त्या बाजूला फार बघत बसू नका. कधी नव्हे ते त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

५

भिंत लावायला कितीसा वेळ लागतो. एक चौकोन ओढला, बाकीच्या भिंतींचा फिकट पिवळा रंग दिला. पलंग, कपाट, सगळं परत आणलं. मग चित्र मागे वळवलं. पिवळी भिंत दिसली. पंखे शांत होते, आलेख तळाशी. मी घर उलटंसुलटं फिरवलं, मुद्दाम झटके दिले, काही झालं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागली.

औषधाच्या वेळेला मी वाट बघत बसलो. चित्र दाराशी उभं होतं, ते हललं नाही. मग फोन वाजला. बायकोचा नंबर होता, पण भिंगरी बोलत होती. आवाज बारीक, दमलेला.

"बाबा, तू भिंत का लावलीस?"

मी म्हटलं, अगं, मशीन बंद पडायचं ना, म्हणून लावली. आता छान चालेल.

"पण आम्ही बाहेर होतो," ती म्हणाली.

मी नुसता हॅलो हॅलो करत राहिलो. थोड्या वेळाने बायकोने फोन घेतला. ती विचारत होती, तू काय बोललास तिला, ती एकदम झोपली. मग म्हणाली, थांब, मी तिला उठवून औषध देते. मग तिला हाका मारताना मी ऐकलं. आधी लाडाने, मग मोठ्याने, मग सिस्टरला.

६

भिंगरी उठत नव्हती. बायको रडत सांगत होती, डॉक्टर जमलेत, श्वास ठीक आहे, ठोके ठीक आहेत, बुबुळांवर उजेड टाकला तर तीही हलतात, आणि मुलगी उठत नाही. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. मला सापडलं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी शिकलेला माणूस आहे. असं काही नसतं हे मला माहीत आहे. मी भिंतीवर क्लिक केलं आणि ती काढून टाकली.

लगेच काळं, आणि या वेळी पडदा परत आलाच नाही. मी बटण दाबून मशीन बंद केलं, चालू केलं. घर उघडलं, काळं. जुना ड्रायव्हर टाकला, काळं. पासवर्ड चुकत होता. इतके दिवस ज्या काळ्या पडद्याशी भांडलो, त्याच्याच मी पाया पडत होतो. मोठ्याने म्हणत होतो, एकदा उघड रे बाबा, एकदाच उघड, नंतर काय हवं ते कर.

मग डोकं जरा चाललं. कार्डावरचा भार कमी करायला हवा. मी ऊन काढलं, सावल्या काढल्या, रंग, लाकडाचे रेषे, कापडाची वीण, सगळं काढलं. उरलं ते नुसतं मातकट करड्या ठोकळ्यांचं घर. कार्डाचा वेगही अर्ध्यावर आणला. घर उघडलं. पंखे किंचाळत होते, पण पडदा टिकला.

मी भिंगरीच्या खोलीत गेलो आणि उघड्या बाजूकडे वळलो. करडी फरशी जिथे संपत होती तिथून पुढे काळोख होता. मी माऊसवरचा हात काढून घेतला, चुकून काही हलू नये म्हणून. बाहेर भरदुपार होती, खाली कुणीतरी स्कूटर धुत होतं, पाण्याचा आवाज येत होता. आणि काळोखात दोन करडे ठिपके दिसले. ते मोठे होत गेले.

दोघी हात धरून येत होत्या. दोघींची उंची एकच. रंग नाही, चेहरा नाही, मी सगळं काढून टाकलेलं होतं. फरशीच्या कडेशी त्या थांबल्या. मग आत आल्या.

७

फोन शेजारी स्पीकरवर चालूच होता. बायको ओरडली, उठली, अरे उठली ती, पाणी मागतेय. तिच्या मागे सिस्टर हसत होती, कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. मी खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. नाक पुसून वर पाहिलं तर पडद्यावर पलंगाशी एक जण उभी होती. एकच.

बायकोने फोन भिंगरीच्या कानाला लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आता मशीन बंद कर."

मी विचारलं, का गं बाळा. ती म्हणाली, भीती वाटते. आवाज तिचाच होता. मी हो म्हटलं. बटणावर बोट ठेवलं आणि पडद्याकडे पाहिलं. पलंगाशी उभी असलेली पलंगावर चढली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली. भिंगरी रागावली की तशीच बसते. पण कुठलंही मूल रागावलं की तसंच बसतं.

मी बोट काढून घेतलं.

८

भिंगरी आता घरी आहे. रक्ताचे आकडे पाहून डॉक्टरांनी बायकोच्या पाठीवर थाप मारली. भिंगरी जेवते, औषध घेते, डोक्यावर बारीक केस आले आहेत. मेहुण्याने तिला खांद्यावर बसवून घरभर नाचवलं. चपलांचा स्टँड, मिक्सर, तिचा पलंग, सगळं तिने बरोबर ओळखलं. न ओळखायला काय झालं, ते सगळं त्या घरातही होतं.

रोज ती एकदा तरी माझ्याजवळ येते आणि मऊ आवाजात विचारते, बाबा, मशीन कधी बंद करणार? आणि मी त्या प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरतो. या घरात आहे ती माझी असेल तर तिला त्या डब्याची भीती वाटणारच, ती हेच म्हणणार. ती माझी नसेल तरीही हेच म्हणणार, कारण मग माझी कायमची आतच राहील. मी तिला जवळ घेतो, तिच्या केसांचा वास घेतो, आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. बाप असून कळत नाही.

बायकोने माझ्यापुढे हात टेकले आहेत. म्हणते, पोरगी मरणाच्या दारातून परत आली आणि तू तिच्याशी खेळायचं सोडून करड्या ठोकळ्यांकडे बघत बसतोस. तिला तिथे कुणी दिसत नाही. मेहुण्याला दाखवलं तर तो माझ्याचकडे बघत राहिला आणि म्हणाला, भाऊजी, थोडं झोपा. मला दिसते. मी फाइलला हात लावत नाही, भिंत लावत नाही, नवा ड्रायव्हर घे म्हणून मशीन सांगतं ते नाकारत राहतो. पंखे दिवसभर ओरडत असतात. कार्ड किती दिवस टिकेल सांगता येत नाही. ते जळालं तर पलंगावर बसलेलीचं काय होईल, हा विचार आला की मी उठून टेबलफॅन आणखी जवळ सरकवतो.

आज दुपारी बायको भांडी घासत होती. भिंगरी आली, माझ्या मांडीला रेलून पडद्याकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "बाबा, तू दमलास. मी बंद करते," आणि टेबलाखाली वाकून स्विचकडे हात नेला. त्याच वेळी पडद्यावरची उठली. पलंगावरून उतरली आणि पाठ फिरवून उघड्या बाजूकडे, काळोखाकडे चालू लागली.

"थांब बाळा," मी म्हटलं.

दोघी थांबल्या.